माझा माइक बंद आहे

गुरुवार, रात्रीचे आठ. डिचोलीत
पंखा एकाच पात्यावर किरकिरतोय
आणि पडद्यावर बावीस चौकोन,
त्यांतले अठरा काळे, नुसत्या आद्याक्षरांचे.
सहाव्या आठवड्यापासून चर्चा तुम्हीच चालवायची,
हे मीच ठरवलं होतं जूनमध्ये,
मोठ्या उदार मनानं,
तेव्हा सहावा आठवडा लांब होता.

आज पाळी सुरंगा गावडेची.
वेर्ण्याच्या कारखान्यात ती दिवसभर
गोळ्यांच्या पाकिटांवरच्या तारखा तपासते.
शिफ्ट लांबली, म्हणून वर्ग भरलाय
रासईच्या धक्क्यावर, फेरीबोटीची वाट बघत.
फोनच्या उजेडात तिची हनुवटी, मागे काळी जुवारी,
शेजारच्या स्कूटरला लटकलेली मासळीची पिशवी.

"विषय खाजन शेती," ती म्हणते,
"टीचरनी दिलेली तेरा पानं सगळ्यांनी वाचलीत ना?
मग मी ती सांगत बसत नाही.
मला एवढंच विचारायचंय,
बांध फुटला तर आधी कोणाला कळतं?"

गप्प.

हा प्रश्न माझ्या तेरा पानांत नव्हता.
चार सेकंद. पाच.
शिकवणाऱ्याच्या हाताला एक खाज असते,
माझी सत्तावीस वर्षांची.
खडू गेला, फळा गेला, खाज राहिली.
बोट आपोआप त्या लाल माइकवर जाऊन बसतं.
उत्तर मला ठाऊक आहे, दोन संदर्भांसकट.
नऊ. दहा.
सुरंगा हलत नाही.
रोज फेरीसाठी उभी राहणारी बाई ती,
तिला थांबायला कुणी शिकवावं लागलं नाही.

मग एक काळा चौकोन खाकरतो.
ईनास, कुंभारजुव्याचा, वय एकसष्ट,
चाळिशीत देवनागरी गिरवलेला,
पाच आठवडे फक्त "हजर" लिहिणारा:
"कुर्ल्या धरणाऱ्याला.
तो रात्री मानशीपाशी असतो.
पाण्याचा आवाज बदलतो."

"नाही हां," पेडण्याची दीपश्री, कडेवरचं मूल सावरत,
"बाईला कळतं. विहिरीचं पाणी खारट लागलं की."
गावडोंगरीच्या ओमू वेळीपकडे
खाजन नाही, रेंजही नाही,
तो एक शब्द लिहून पाठवतो: मुंग्या.
बांध कुळांनी राखायचा की भाटकारानं
यावर दोघं हमरीतुमरीवर येतात, कुणाचा तरी कुकर
त्यातच तीन शिट्ट्या देतो, आणि तेवढ्यात
ओमूचं उरलेलं वाक्य पोचतं:
अंडी घेऊन वर चढतात.

भोंगा. फेरी लागली.
"मी चढते, तोवर ईनासबाब, तुम्ही चालवा,"
आणि सुरंगाचं चित्र आकाश होतं, लोखंड होतं,
कुणाचा तरी गुडघा होतो.

ईनास चालवतो.
"टीचर, पान सात. तुम्ही लिहिलंय,
ओहोटीला मानसकार दार उघडतो.
चूक आहे.
दार आपशींच उगडटा.
भरती लोटते, मिटतं. सुकती ओढते, उघडतं.
माझा पाय तीस वर्षं ते बघायचा."
बापाय, असं असावं.
देवनागरी घाईत असली की त्याची अक्षरं गळतात.
"तो काय करायचा मग?" दीपश्री.
"फळी कुजली तर बदलायचा.
बाकी जवळच निजायचा."

मी पान सात काढते. पेन्सिल सापडत नाही.
बोटानंच ती ओळ खोडते.

नऊ वाजून गेले, कोणी उठत नाही.
काळे चौकोन आता सात राहिलेत;
कुणाच्या मागे देव्हारा, कुणाच्या मागे वाळत घातलेले मोजे.
दुर्भाटच्या बाजूला उतरून सुरंगा
धापा टाकत कॅमेऱ्यात परत येते,
"काय काय झालं?" विचारते,
आणि पाचजण एकदम सांगू लागतात.

मग ती मध्येच थांबते.
"टीचर, तुमचे ओठ हलतायत.
काही ऐकू येत नाही."

शाब्बास म्हणत होते मी. बराच वेळ, बहुतेक.
असू दे, म्हणाले.
तेही कुणाला ऐकू गेलं नाही.